एका टाळीत मावलेली विहीर

दोस्तांनो, विहिरीत वाकून कधी स्वतःच्याच नावानं हाक मारलीय? (घरातलं मोठं माणूस शेजारी असताना, बरं का!) आपण एकदाच ओरडतो, पण विहीर ते नाव बराच वेळ तोंडात घोळवत राहते. प्रत्येक विहिरीची घोळवण्याची लकब निराळी. आणि गंमत म्हणजे ही लकब चक्क उचलून घरी नेता येते! कशी, ते आज पाहू या.

त्यासाठी एक गोष्ट रचू. गोष्ट कल्पनेतली, पण तिच्यातलं विज्ञान अगदी खरं. गावही खरं, नकाशात सापडणारं: युसूफ वडगाव, तालुका केज, जिल्हा बीड.

समजा, या गावात आठवीत शिकणारी एक मुलगी आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी तिनं एक गाणं बसवलंय. ते तिनं मोबाइलवर रेकॉर्ड केलं आणि ऐकलं, तर काय! सूर बरोबर, शब्द बरोबर, पण गाणं कसं कोरडं ठक्क. पिठल्यात मीठच नाही जणू.

तिचा चुलतभाऊ लातूरला शिकतो. तो सुट्टीत लॅपटॉप घेऊन आला होता. त्यात आवाजाचं एक महागडं सॉफ्टवेअर होतं, फक्त चौदा दिवस फुकट वापरायला मिळालेलं. दादानं त्यातलं ‘मोठं देऊळ’ असं बटण दाबलं मात्र, गाण्याचं रूपच पालटलं. ती जणू एखाद्या दगडी गाभाऱ्यात उभी राहून गात होती!

“दादा, चौदा दिवसांनी काय होणार?”

“काय होणार? कुलूप. पैसे भरा, मगच उघडंल.”

“मग त्याच्या आत ते देऊळ आपल्याला त्यातनं काढून घेता यायचं नाही का?”

दादा हसला. “देऊळ काय खिशात घालायची वस्तू आहे व्हय?”

हसू नका हं! प्रश्न मुळीच वेडगळ नाही. जगभरातले ध्वनितज्ज्ञ याच प्रश्नावर काम करत आलेत.

खोली उत्तर देते

घराला रंग द्यायचा म्हणून सगळं सामान बाहेर काढलं, की रिकामी खोली कशी घुमते! टाळी वाजवली की ‘टाप्’ एवढंच ऐकू येत नाही, ‘टाप्प्प्’ असं शेपूट लागतं. या शेपटीला विज्ञानाच्या पुस्तकात ‘निनाद’ म्हणतात. आवाज भिंतींवर, छतावर, फरशीवर आपटतो आणि हजारो वाटांनी, किंचित मागेपुढे, आपल्या कानात शिरतो.

प्रतिध्वनी म्हणजे याचाच भाऊ, पण जरा दूरचा. आवाज हवेत एका सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. समजा, विहिरीचं पाणी १७ मीटर खाली आहे. तुमच्या टाळीला खाली जाऊन परत यायचं, म्हणजे ३४ मीटर, म्हणजे सेकंदाचा दहावा भाग. एवढं अंतर पडलं, की मूळ आवाज आणि परतलेला आवाज कानाला वेगळे कळू लागतात. विजापूरच्या गोल घुमटात तर घुमट आतून सुमारे ३८ मीटर रुंद! १६५६ साली पुऱ्या झालेल्या या इमारतीत एकच आवाज पुन्हा पुन्हा परत येतो. सर सी. व्ही. रामन यांनीसुद्धा तिथल्या कुजबुजणाऱ्या सज्जाचा अभ्यास केला होता.

खोलीचा निनाद पहिल्यांदा नीट मोजला तो अमेरिकेतल्या वॉलेस सॅबिन या प्राध्यापकानं. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठात एक नवं व्याख्यानगृह बांधलेलं होतं, पण तिथं बोललेला एकेक शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत राही. पुढचे शब्द मागच्यात मिसळून नुसता काला! सॅबिननं काय करावं? रात्री सगळं शांत झालं, की शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या तो उचलून आणी, व्याख्यानगृहात मांडी, ऑर्गनची नळी वाजवी आणि आवाज विरेपर्यंतचा वेळ मोजी. सकाळ व्हायच्या आत गाद्या पुन्हा जागेवर! त्याच्या लक्षात आलं, की गाद्या वाढल्या की निनाद कमी. मऊ वस्तू आवाज गिळतात.

लताबाई चालत आल्या

आता सिनेमाकडे वळू. १९४९ सालच्या ‘महल’ चित्रपटातल्या गाजलेल्या गाण्यात लता मंगेशकरांचा आवाज लांबून, हवेतून तरंगत जवळ येतो. तेव्हा असा परिणाम साधणारी यंत्रं हाताशी नव्हती. मग, असं सांगितलं जातं, की माईक खोलीच्या मधोमध ठेवला आणि लताबाई एका कोपऱ्यातून गात गात, पावलं मोजत माईकपर्यंत आल्या. ‘मुघल-ए-आझम’मधल्या (१९६०) शीशमहालातल्या गाण्यासाठी आवाज घुमावा म्हणून स्टुडिओच्या बाथरूमचा उपयोग केला, असंही सांगतात.

म्हणजे त्या काळी जसा निनाद हवा तशी खोली शोधायची आणि गायकानं तिथं जायचं. पुढे १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला मॅनफ्रेड श्रोडर या शास्त्रज्ञानं गणित करून खोटा निनाद बनवायची युक्ती दाखवली. आणि १९९९ साली सोनी कंपनीनं एक यंत्र बाजारात आणलं, ते खऱ्या सभागृहांचा निनाद साठवून ठेवायचं आणि कुठल्याही गाण्याला लगेच लावायचं. गायकानं देवळात जायला नको, देऊळच गायकाकडे यायला लागलं!

हे होतं कसं? त्याचं मर्म एका टाळीत आहे.

४, ४, २ आणि अर्धा

अगदी छोटी, अगदी जोराची टाळी वाजवली आणि त्यावर खोलीनं जे काही केलं ते रेकॉर्ड केलं, तर त्याला म्हणतात ‘इम्पल्स रिस्पॉन्स’. आपण त्याला ‘टाळीचं उत्तर’ म्हणू.

संगणकाला आवाज म्हणजे आकड्यांची लांब रांग. आपण सोपी खोली घेऊ. तिच्यात १ जोराची टाळी वाजवली, की ती म्हणते: १, मग अर्धा, मग पाव. संपलं.

आता तिथं दोन टाळ्या वाजवा. पहिली ४ जोराची, लगेच पुढच्या क्षणी दुसरी २ जोराची. पहिलीचं उत्तर: ४, २, १. दुसरीचं उत्तर: २, १, अर्धा, पण एक घर सरकून. आता बेरीज करा.

पहिला क्षण: ४.
दुसरा क्षण: २ + २ = ४.
तिसरा क्षण: १ + १ = २.
चौथा क्षण: अर्धा.

झालं! त्या दोन टाळ्या त्या खोलीत कशा ऐकू येतील, हे आपण खोलीत न जाता सांगितलं. गाणं म्हणजे तरी काय? लहानमोठ्या टाळ्यांची भलीमोठी रांगच. सीडीवरच्या एका सेकंदात असे ४४,१०० आकडे असतात. प्रत्येक आकड्याला खोलीचं अख्खं उत्तर जोडायचं, एकेक घर सरकवायचं आणि सगळ्यांची बेरीज घ्यायची. या कामाला म्हणतात ‘कॉन्व्होल्यूशन’. नाव जड, पण काम गुणाकार-बेरजेचं.

फक्त ते फार असतं हो! तीन सेकंदांचं उत्तर आणि एक मिनिटाचं गाणं घ्या. गुणाकार होतात सुमारे ३५ हजार कोटी! कूली आणि ट्यूकी या दोघांनी १९६५ साली मांडलेली गणिताची एक आडवाट वापरून संगणक हे काम चुटकीसरशी उरकतो.

इस्तंबूलमधले चार फुगे

याचं सुंदर उदाहरण इस्तंबूलचं. तिथल्या आया सोफिया या जवळजवळ दीड हजार वर्षं जुन्या वास्तूत आवाज दहा सेकंदांहून अधिक घुमतो. शेकडो वर्षांपूर्वी तिथं जी धर्मगीतं म्हणत, ती तिथं कशी ऐकू येत असतील? २०१० साली वास्तू संग्रहालय होती आणि तिथं गायला परवानगी नव्हती. मग अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बिसेरा पेंचेवा आणि जोनाथन एबल यांच्या प्रकल्पात तिथं फुगे फोडून आवाज टिपले. अवघे चार फुगे! त्या फटाकांतून खोलीचं उत्तर मिळालं, आणि हजारो मैल दूर अमेरिकेत गाणाऱ्या गायकांना संगणकानं आया सोफियाच्या घुमटाखाली नेऊन उभं केलं. २०१९ साली त्याची ध्वनिफीतही निघाली.

एक फुगा म्हणजे एक जोरदार टाळीच, नाही का?

कुलूपबंद पेटीत टाळी

आता आपल्या गोष्टीकडे परत येऊ. दादा विचार करू लागला. सॉफ्टवेअर म्हणजे कुलूपबंद पेटी. आत काय आहे ते दिसत नाही. पण पेटीत आवाज घालता येतो आणि बाहेर येणारा आवाज ऐकता येतो. मग पेटी म्हणजे एक खोलीच की! खोलीत काय करतात?

“टाळी वाजवायची!” मुलगी ओरडली.

दादानं एक फाइल बनवली. पहिला आकडा सगळ्यात मोठा आणि पुढं दहा सेकंद नुसती शून्यं. ऐकायला एक बारीक ‘टिक्’. ही टिक् त्यानं ‘मोठ्या देवळातून’ पाठवली आणि मूळ आवाज बंद करून फक्त घुमणारा आवाज साठवला. पेटीनं टाळीचं उत्तर दिलं होतं!

टाळीऐवजी आणखी एक तऱ्हा आहे. खर्जातल्या अगदी जाड सुरापासून कानाला जेमतेम ऐकू येणाऱ्या बारीक सुरापर्यंत एकच शिटी हळूहळू चढवत न्यायची. नंतर गणितानं ती शिटी उलगडली, की मागं टाळीचं उत्तर उरतं. टाळी क्षणात संपते, त्यामुळे आसपासच्या गोंगाटात हरवू शकते. शिटी लांब असते, म्हणून उत्तर स्वच्छ मिळतं. इटलीतल्या पार्मा विद्यापीठाच्या अँजेलो फरिना यांनी २००० साली ही पद्धत मांडली, आणि खऱ्या सभागृहांत आजही ती वापरतात.

“पण आपलं उत्तर बरोबर आलं का चूक, ते कसं कळायचं?” मुलीनं विचारलं. शाब्बास! शास्त्रज्ञ असाच प्रश्न विचारतो.

त्याला एक झकास कसोटी आहे. तेच गाणं एकदा पेटीतून काढा, एकदा आपल्या उत्तरातून काढा. मग एकातले सगळे आकडे उलटे करा: ५ चे उणे ५, उणे ३ चे ३. आणि दोन्हींची बेरीज करा. दोन्ही अगदी सारखी असतील, तर सगळीकडे शून्य येईल. म्हणजे पूर्ण शांतता!

दोघांनी श्वास रोखून बेरीज ऐकली. शांतता? छे! आतून काहीतरी कुजबुजत होतं. चूक कुठं झाली? मुलगी म्हणाली, “दादा, परत एकदा टिक् टाक. तीच, तिथंच.” दुसऱ्यांदा टाकलेल्या त्याच टिकेला पेटीनं किंचित वेगळं उत्तर दिलं!

“आगं, हे देऊळ हलायलंय!” दादा म्हणाला.

अगदी बरोबर. काही सॉफ्टवेअरमध्ये खऱ्या जागेचं उत्तर साठवलेलं असतं. ती प्रत्येक वेळी तेच उत्तर देतात. काही मात्र श्रोडरच्या वाटेनं निनाद गणितानं विणतात, आणि आवाज जिवंत वाटावा म्हणून तो विणताना मुद्दाम थोडा झुलवत ठेवतात. पाण्याच्या लाटेचा फोटो काढता येतो, पण लाट फोटोत येत नाही. तसंच झुलणारा निनाद एका टाळीत मावत नाही. एका क्षणाचा चेहरा फक्त मिळतो. पेटी आवाज जाणूनबुजून फाटका किंवा खरखरीत करत असेल, तरीही टाळीचं उत्तर अपुरं पडतं. कारण आपली बेरीज खरी ठरायला एक अट आहे: दुप्पट जोराच्या टाळीला दुप्पटच उत्तर मिळालं पाहिजे.

आपलं काय, दुसऱ्याचं काय?

दुसरी एक गोष्ट अजून राहिली होती. दादानं सॉफ्टवेअरचा परवाना उघडून वाचला. ‘मला मान्य आहे’ म्हणून आपण सगळे न वाचताच पुढे जातो ना, तो! अशा अनेक परवान्यांत लिहिलेलं असतं, की आतला आवाजाचा साठा वेगळा काढून दुसऱ्याला द्यायचा किंवा विकायचा नाही. तसं ते यातही होतं.

आईबाबांनो, इथं तुमचीही गरज आहे. कुणीतरी जड यंत्रं घेऊन कुठल्या तरी सभागृहात गेलं, रात्रभर जागून तिथलं उत्तर टिपलं. ती त्यांची मेहनत आहे. पुस्तक विकत घेतलं म्हणून ते छापून विकता येत नाही, तसंच हे. पण पेटी कशी चालते हे टिक् टाकून समजून घेणं वेगळं, आणि तिचा माल काढून वाटणं वेगळं. कधी खरी अडचणही असते: दहा वर्षांपूर्वी विकत घेतलेलं सॉफ्टवेअर नव्या संगणकावर चालेनासं होतं आणि त्यातली आपली गाणी अडकून पडतात. अशा वेळी आपल्याच गाण्यासाठी तो निनाद जपून ठेवता येईल का, हे परवाना वाचून किंवा कंपनीला विचारून ठरवावं.

दादानं प्रयोगाच्या फायली पुसून टाकल्या. मुलगी हिरमुसली. “मग माझं गाणं कोरडंच राहायचं?”

आबा इतका वेळ बाजेवर पडून ऐकत होते. ते उठून बसले. “ते दुसऱ्याचं देऊळ कशाला पायजे? आपली हीर हाय की. पुढच्या महिन्यात बुजवायलेत तिला.”

विहीर बुजायच्या आधी

आबांच्या मळ्यातली ती जुनी दगडी विहीर. पाणी आटलं, कठडा ढासळला, लेकरं पडतील म्हणून बुजवायचं ठरलं होतं. ठरवणाऱ्यांचं चूक नव्हतं. पण विहिरीचा फोटो राहील, तिचा आवाज मात्र कायमचा जाईल, हे कुणाच्या मनात आलं नव्हतं.

रात्री पिठाची गिरणी बंद झाली, मोटारी थांबल्या, तेव्हा तिघं मळ्यात गेली. आबांनी दोघांनाही कठड्यापासून लांब उभं केलं. लांब काठीला बांधलेला फोन विहिरीच्या तोंडावर धरला. दुसऱ्या काठीला फुगा बांधला आणि तो बाभळीच्या काट्यानं फोडला. फटाक्! विहीर बोलली. आणि मग कुणीही हलायचं नाही, खोकायचं नाही, तिचं बोलणं संपेपर्यंत.

तीनदा केलं. तिन्ही उत्तरं जवळजवळ सारखी. ही खोली हलत नव्हती!

आता गाणं पुन्हा रेकॉर्ड करायचं होतं, आणि तेही मुद्दाम कोरडं. कारण घरातला निनाद आणि विहिरीचा निनाद एकात मिसळायला नको. मग दोरीवर गोधड्या टांगल्या आणि त्यांच्या मधोमध उभी राहून ती गायली. सॅबिनच्या गाद्या आठवल्या ना? त्याच कामाच्या आपल्या गोधड्या!

दादानं मोफत मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये गाणं आणि विहिरीचं उत्तर घातलं. बटण दाबलं. मग हेडफोन आबांच्या कानाला लावले. आबा डोळे मिटून ऐकत राहिले. गाणं संपलं तरी शेवटचा सूर खाली खाली जात होता.

“काय वाटतं, आबा?”

आबा म्हणाले, “पाणी होतं तवा लई गोड बोलायची. पर हाय, हीच हाय.”

करून पहा

तुमच्या गावातही अशा जागा असतील: जुना वाडा, बारव, दगडी देऊळ, धान्याचं रिकामं गोदाम, शाळेचा लांबलचक व्हरांडा. एक जागा निवडा. विहीर किंवा बारव असेल तर मोठ्या माणसाशिवाय पाऊलही टाकू नका. देऊळ, मशीद किंवा कुणाचं घर असेल तर आधी विचारा.

१. शांत वेळ निवडा. पंखे बंद करा.
२. फोनमध्ये गोंगाट पुसणारी किंवा आवाज आपोआप कमीजास्त करणारी सोय असेल तर ती बंद करा. नाहीतर फोन निनादालाच गोंगाट समजून पुसून टाकतो!
३. फोन फुग्यापासून काही पावलं दूर ठेवा. रेकॉर्डिंगच्या आलेखाचा शेंडा कापल्यासारखा सपाट दिसला, तर आणखी दूर ठेवून पुन्हा करा.
४. सारख्या आकाराचे तीन फुगे एकाच जागी फोडा. प्रत्येकानंतर दहा सेकंद गप्प राहा. फुग्याचे तुकडे गोळा करा.
५. वहीत तारीख, जागा, फुग्याची जागा, फोनची जागा आणि दोघांमधलं अंतर लिहा. फोन सरकला की उत्तरही बदलतं, म्हणून ही नोंद महत्त्वाची.

आणि तीन रेकॉर्डिंगांपैकी सगळ्यात स्वच्छ असेल ते जपून ठेवा. उद्या वाडा पडेल, विहीर बुजेल, शाळेची नवी इमारत होईल. तरी तुमच्या वहीत आणि फाइलमध्ये ती जागा बोलत राहील.